घोट्याच्या अस्थिबंधांची इजा आणि चाल
घोट्याची हाडे एकमेकांशी बांधून ठेवणारे तंतुमय पट्टे म्हणजे अस्थिबंध. पाऊल आतल्या बाजूला मुरगळले की बहुधा बाहेरचे अस्थिबंध ताणले जातात. बाहेरच्या तीन अस्थिबंधांत पुढचा सर्वांत दुबळा, म्हणून तोच आधी फाटतो.

ताज्या दुखापतीत दुखऱ्या पायावर भार टिकवण्याचा काळ घटतो आणि दुसरा पाय घाईने पुढे पडतो. चवड्याने जमीन मागे रेटणे अर्धवट राहते. पाऊल आखूड होते, वेग मंदावतो. सूज उतरली तरी चाल पूर्ववत होतेच असे नाही, आणि नेमके याकडेच दुर्लक्ष होते. घोट्याची स्थिती मेंदूला कळवणारे चेतातंतू अस्थिबंधांत असतात. ते दुखावले की टाच टेकताना पाऊल किंचित आत कललेले राहते व पोटरीच्या बाहेरचे स्नायू उशिरा सावरतात.

याचा त्रास रोजच्या कामात जाणवतो. उदाहरणार्थ, बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे पाळीभर उभे राहणाऱ्या कामगाराला असा घोटा फार जाचतो. ऑगस्ट २०२५ मध्ये येथवर मेट्रो आली. उन्नत स्थानकाचा जिना उतरणे ही अशा घोट्याची खरी कसोटी. उतरताना चवडा आधी टेकतो आणि त्या स्थितीत सांधा सर्वांत अस्थिर असतो.

ताज्या दुखापतीत हाड मोडले असण्याची शंकाही तपासावी लागते. कॅनडात १९९२ मध्ये मांडलेल्या ओटावा नियमांनुसार, घोटा दुखत असून लंगडतही चार पावले टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. वेदना थांबल्या तरी एका पायावर तोल साधण्याचा व्यायाम सोडू नये.