आरंभ-साचा (वेब अ‍ॅप)

नवे वेब अ‍ॅप उभारण्यासाठी वापरायचा तयार प्रकल्प-सांगाडा. त्यात फोल्डरांची रचना, लागणाऱ्या पॅकेजांची यादी, बांधणीच्या आज्ञा व एखादे नमुना पान आधीच असते. ‘रुबी ऑन रेल्स’ या वेब-चौकटीने (२००४) एका आज्ञेत प्रकल्प उभा करण्याची पद्धत रुळवली. फेसबुकचे ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ २०१६ मध्ये आले. २०२५ मध्ये नव्या अ‍ॅपसाठी त्याची शिफारस थांबली. त्याऐवजी आता ‘वीट’ (२०२०) हे बांधणी-साधन सर्रास वापरतात.

कार्यपद्धती : साचा उतरवून प्रकल्पाला नाव देणे, पॅकेजे बसवणे, स्थानिक सर्व्हरवर पान उघडून पाहणे आणि गिट या आवृत्ती-नोंदणी प्रणालीत पहिली नोंद करणे.

मराठीसाठी : समजा, हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव महाळुंगे पडवळ (ता. आंबेगाव, जि. पुणे) याविषयीचे अ‍ॅप करायचे आहे. ‘वीट’च्या साच्यात पानाचा भाषा-संकेत ‘ईएन’ असतो. तो ‘एमआर’ करावा. नाहीतर अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज निवडू शकतो. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतप्रणालीची नोंद साच्यात असतेच. देवनागरी फॉन्ट मात्र आपण निवडावा.

साच्यामुळे सुरुवातीची मेहनत वाचते. नमुना मजकूर व अनावश्यक पॅकेजे पहिल्याच दिवशी काढून टाकावीत.