घरांत आलेली चक्रकरवत

शाळेंत मीं तीसाहून अधिक वर्षें इतिहास शिकविला. राजांच्या वंशावळी, तहांचीं कलमें आणि लढायांचे सन मुलांकडून घोकून घेतले. परंतु ज्या बाकांवर तीं मुलें बसत त्या बाकांच्या फळ्या कापल्या कोणीं व कशा, हा प्रश्न मींहि कधीं विचारला नाहीं आणि त्यांनींहि नाहीं. सेवानिवृत्त झाल्यावर तो प्रश्न आपण होऊन माझ्या दारीं आला. आमच्या जुन्या वाड्याचा मागचा भाग उतरवावा लागला, तेव्हां सागवानाच्या काळ्या पडलेल्या तुळया निघाल्या. वखारवाल्यास त्या कवडीमोलानें देण्यास मन घेईना. त्यांच्या फळ्या काढून पुस्तकांचीं कपाटें करावीं असें ठरविलें आणि सुतारमंडळी जिला टेबल सॉ म्हणतात ती उचलून नेण्याजोगी चक्रकरवत विकत घेतली. दहा इंच व्यासाचें पातें, खालीं विजेची मोटर, वर अॅल्युमिनियमचें मेज आणि बाजूंस मुठी. अंगणांत नेऊन काम करावें व संध्याकाळीं जिन्याखालीं ठेवून द्यावी, एवढीच ती आहे. ही वस्तु इतकी लहान कशी झाली आणि लहान होतां होतां तिच्याबरोबर आणखी काय काय आपल्या घरांत आलें, तें आज सांगावयाचें आहे.

चक्रकरवत नव्हती तेव्हां ओंडका चिरावयास दोन माणसें लागत. ओंडका उंच घोड्यांवर चढवीत किंवा खड्ड्यावर आडवा टाकीत. एक करवत्या वर उभा राही, दुसरा खालीं. वरच्यानें रेघ सांभाळावयाची, खालच्यानें ओढावयाचें. आणि भुसा डोळ्यांत घ्यावयाचा तोहि खालच्यानेंच. माझ्या लहानपणीं हें दृश्य आमच्या गांवीं दृष्टीस पडत असे. चीर लांब होत गेली कीं लांकूड आपल्या अंगच्या ताणानें मिटूं लागे व करवत आंत आवळली जाई. मग वरचा करवत्या काम थांबवून त्या चिरेंत लांकडी पाचर ठोकी. ही पाचर श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिची गांठ पुन्हां पडणार आहे. दुपारच्या भाकरीनंतर दोघे सावलींत बसून एकेक दांत कानशीनें घाशीत आणि एक डावीकडे, एक उजवीकडे असे ते फांकवीत, म्हणजे चीर पात्याहून थोडी रुंद पडून करवत मोकळी चाले. करवत त्यांची, धार त्यांची आणि तिची निगाहि त्यांचीच.

मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखालीं बांधलेलें आणि १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'ट्रिंकोमाली' हें सागवानी लढाऊ जहाज आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें जपून ठेवलेलें आहे. त्याच्या फळ्या हातकरवतीच्या अशाच येरझारांतून निघाल्या.

येरझारीचें हें काम वाऱ्याकडून करून घेण्याची युक्ति हॉलंडांत कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस साधली व १५९३ सालीं तिचें पेटंट मिळविलें. पवनचक्कीचें गरगर फिरणें वांकड्या दांड्याच्या साहाय्यानें वरखालीं होण्यांत बदलावयाचें, ही तिची किल्ली. इंग्लंडांत मात्र अशा गिरण्यांस करवत्यांचा कडवा विरोध होता. लंडनजवळ लाइमहाउस येथें चार्ल्स डिंगली यानें वाऱ्यावर चालणारी लांकूडगिरणी उभारली, तेव्हां १० मे १७६८ रोजीं करवत्यांचा मोठा जमाव तिजवर चालून गेला आणि त्यानें तिची मोडतोड केली. इतिहासाचीं क्रमिक पुस्तकें अशा लोकांस प्रगतीचे शत्रु म्हणून निकालांत काढतात. मींहि वर्गांत तसेंच सांगितलें असेल. पण ज्याची करवत हीच ज्याची इस्टेट, त्यानें ती निरुपयोगी होतांना स्वस्थ बसावें अशी अपेक्षा करणें हें पगारी शिक्षकास सोपें असतें.

येरझारींत एक खोट आहे. करवत एका दिशेस कापते आणि परत येतांना रिकामी येते. पातें वाटोळें केलें आणि त्याच्या कडेला दांत पाडले, तर रिकामें परतणें उरतच नाहीं. ही कल्पना प्रथम कोणास सुचली याविषयीं अमेरिकेंत एक गोड कथा सांगतात. शेकर पंथांतील टॅबिथा बॅबिट नांवाच्या बाईनें दोन माणसें ओढाताणीनें लांकूड कापतांना पाहिलीं, निम्मे श्रम फुकट जातात हें तिनें हेरलें आणि १८१३ च्या सुमारास आपल्या सूत कातण्याच्या चाकास दांतेरी चकती बसविली, अशी ती कथा. ऐकावयास छान, परंतु सन जुळत नाहींत. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यास इंग्लंडांत १७७७ सालीं मिळालेल्या पेटंटांत वाटोळ्या करवतीचा उल्लेख आहे, आणि तोहि जातां जातां, जणूं ती वस्तु लोकांस आधींच ठाऊक होती अशा रीतीनें केलेला. बाईंनीं ती आपल्या बुद्धीनें पुन्हां शोधिली असेल; पहिला मान मात्र त्यांस देतां येत नाहीं.

त्याच साउदॅम्प्टन शहरीं वॉल्टर टेलर हा आरमारासाठीं दोरखंडांच्या लांकडी कप्प्या करीत असे व त्या कामीं चक्रकरवती वापरीत असे. मोठ्या लढाऊ जहाजास अशा कप्प्या हजाराच्या आसपास लागत. पुढें मार्क ब्रुनेल यानें योजिलेलीं आणि हेन्री मॉडस्ले यानें घडविलेलीं ४५ यंत्रें पोर्ट्समथच्या गोदींत बसलीं व १८०८ सालीं तेथें वर्षाला सुमारें १,३०,००० कप्प्या निघूं लागल्या. एकशेंदहा कारागिरांचें काम दहा माणसें करूं लागलीं. उरलेल्या शंभरांचें काय झालें हें पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं.

ह्यानंतर शंभर वर्षें चक्रकरवत कारखान्यांतच राहिली, कारण ती वाफेच्या यंत्रास बांधलेली होती. छताखालून एक लांब दंड फिरे, त्यावरून चामड्याचे पट्टे खालीं येत आणि पट्टा जेथें येईल तेथेंच करवत बसे. तिची मालकी धन्याची, धार लावणारा निराळा नोकर, आणि बोट जावयाचें तें मजुराचें. विजेची मोटर आली तेव्हां हें दावें तुटलें. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतांत एडमंड मिशेल यानें ऊंस तोडणाऱ्यांचे कोयते पाहिले आणि कोयत्यास मोटर जोडण्याच्या खटपटीला लागला; तिच्यांतून हातांत धरून चालविण्याची विजेची चक्रकरवत निर्माण झाली. मोठ्या कारखान्यांतील करवतीस जड, संथ व शांत मोटर असते. माझ्यासारख्याच्या करवतीस असते ती मिश्रणयंत्राच्या जातीची, म्हणजे हलकी, कर्कश आणि वेगवान. तिच्या पोटांत कोळशाचे दोन लहान ठोकळे झिजत असतात. ते वेळेवर बदलले नाहींत तर ठिणग्या उडूं लागतात. लांब आणि बारीक तारेवरून वीज घेतली तर ती गुरगुरते, तापते आणि अखेर जळते.

वेगाचा हिशेब मीं खडूनें अंगणांतल्या फरशीवर मांडला. पात्याचा घेर सुमारें ८० सेंटिमीटर. मिनिटास चार हजार फेरे धरले तर दांताचा वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटर होतो. आकडा पाहिल्यावर त्या दिवशीं मीं कांहीं कापलें नाहीं.

खरा धोका पात्याच्या पुढच्या बाजूस नसून मागच्या बाजूस असतो. पुढचे दांत खालीं उतरतात व लांकूड मेजावर दाबून धरतात. मागचे दांत वर चढत असतात. चीर मिटून लांकूड मागच्या दांतांस चिकटलें, कीं ते दांत तें उचलून चालविणाऱ्याच्या पोटावर भिरकावितात. ह्या उसळीबरोबर हात पात्याकडे ओढला जातो. उपाय तोच, जो खड्ड्यावरच्या करवत्यास ठाऊक होता. पात्याच्या मागें, त्याच्याच रेषेंत, एक पातळ पोलादी पट्टी उभी करावयाची, म्हणजे चीर मिटत नाहीं. ती पाचरच आहे. फक्त आतां कोणीं ठोकावी लागत नाहीं. इंग्लंडांत १९२२ च्या लांकूडकामाच्या यंत्रांविषयींच्या नियमांनीं ती प्रत्येक चक्रकरवतीस सक्तीची केली. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टाच्या २१ व्या कलमानें यंत्राचे धोक्याचे भाग झांकण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. परंतु कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंत येतो. करवत मुठींना धरून उचलली आणि रिक्षांत घालून दुसऱ्याच्या घरीं नेली, म्हणजे निरीक्षक मागें राहतो.

माझा एक जुना विद्यार्थी घरोघरीं फर्निचरचीं कामें घेतो. त्याची करवत विकतची नाहीं. फरशी कापण्याचें हातयंत्र उलटें करून त्यानें तें प्लायवुडच्या तक्त्याखालीं बसविलें आहे व त्याचें पातें फटींतून वर काढलें आहे. वर टोपण नाहीं, मागें पट्टी नाहीं, हाताशीं बंद करण्याची कळ नाहीं. अशीं मेजें आपल्या शहरांतील प्रत्येक नव्या इमारतींत दिसतील. दोन वर्षांपूर्वीं तो भेटला तेव्हां डाव्या हाताचीं दोन बोटें पेराशीं संपलेलीं होतीं. मीं विचारलें, "अरे, तयार यंत्र कां घेतलें नाहींस?" तो म्हणाला, "गुरुजी, एकदां घेतलें होतें. त्याची मागची पट्टी कामांत अडते म्हणून काढून ठेवली. मग ह्यांत आणि त्यांत फरक काय राहिला?" ह्यावर मजपाशीं उत्तर नव्हतें. तो नववींत असतांना इंग्लंडांतली औद्योगिक क्रांति मींच त्यास शिकविली होती आणि त्यानें तींत चांगले गुण मिळविले होते.

बोटाला ओळखणारी करवतहि निघाली आहे. अमेरिकेंत स्टीफन गॅस या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलानें १९९९ सालीं ती योजिली. पात्यांतून विजेचा अतिसूक्ष्म संदेश खेळत असतो. ओलसर मानवी त्वचा लागली कीं तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा उसळून दांतांत रुततो. सेकंदाच्या दोनशेंव्या भागाच्या आंत पातें थांबतें. बोटावर ओरखडा राहतो. इतर उत्पादकांनीं ही युक्ति घेतली नाहीं, म्हणून त्यानें स्वतःच कंपनी काढून २००४ पासून अशा करवती विकल्या. तिकडच्या ग्राहकसुरक्षा आयोगाच्या अंदाजानें टेबल सॉमुळें वर्षाला सुमारें तीस हजार जखमा होत. तरीहि ही योजना सर्वांस सक्तीची करावी कीं नाहीं, हा वाद तेथें वर्षानुवर्षें चालला. किंमत वाढेल ही एक तक्रार, आणि पेटंटें एकाच्याच हातीं आहेत ही दुसरी. माझ्या करवतीस ती सोय नाहीं. ती घेण्याची माझ्या निवृत्तिवेतनाची ऐपतहि नाहीं.

म्हणून ह्या एका माणसाच्या गिरणीचा धनी, मजूर आणि निरीक्षक मीच आहें. पातें बदलण्यापूर्वीं वायर भिंतीपासून काढतों. नुसती कळ बंद करून भागत नाहीं. आधाराची पट्टी पात्याशीं समांतर आहे ना, हें पुढच्या व मागच्या दांतापासून पट्टीनें मोजून पाहतों, कारण मागें केसभर जरी ती आवळली तरी उसळीला निमंत्रण. पातें लांकडाच्या वर थोडेंच काढतों. पावसाळ्यांत वरखालीं करण्याच्या आट्यांवर गंज चढतो. तेथें तेल घातलें तर भुशाचा लगदा होतो, म्हणून मेण चोळतों. दांतांवर सागाची राळ बसली कीं साबणाच्या पाण्यांत पातें भिजवून ब्रशानें घासतों आणि लगेच कोरडें करतों. अरुंद तुकडा पुढें सारतांना हातांत काठी घेतों.

एक गोष्ट मात्र मला करतां येत नाहीं. तिसऱ्या तुळईंत पूर्वजांपैकीं कोणीं तरी ठोकलेला खिळा होता. खट्‌कन् आवाज झाला आणि चार दांतांचीं टोकें गेलीं. मीं कानस शोधूं लागलों, तों शेजारचे म्हातारे मिस्त्री हंसले. "मास्तर, हे दांत कानशीचे नव्हेत. विडियाचे आहेत. कानसच झिजेल." क्रुप या जर्मन कारखान्यानें १९२० नंतरच्या दशकांत बाजारांत आणलेल्या टंगस्टन कार्बाइडचें तें नांव, 'हिऱ्यासारखा' ह्या अर्थाच्या जर्मन शब्दांपासून तें झालें आहे. त्यास धार लावावयास हिऱ्याचें चाक लागतें. शेवटीं पातें पाठवावें लागलें शहरांतील धारवाल्याकडे, आणि आठ दिवस करवत जिन्याखालीं पडून राहिली. खड्ड्यावरच्या त्या दोघांपाशीं मोटर नव्हती, पण धार त्यांच्या हातांत होती. माझ्यापाशीं सबंध गिरणी आहे आणि धार परक्याच्या हातीं आहे. ह्या व्यवहारांत नफा कोणाचा झाला, हें मला अद्याप नीट ठरवितां आलेलें नाहीं.

मिस्त्रींनीं मला एक लोहचुंबक दिला आहे. दोन तुळया उरल्या आहेत. चुंबक फिरवून जेथें जेथें खिळा लागला तेथें तेथें मीं खडूनें वर्तुळें काढून ठेवलीं आहेत. एका तुळईवर तीं अकरा भरलीं.