बिनलढाईचे गणवेश

लंडन, १७९९. स्ट्रँडवर गाड्यांच्या चाकांपासून पाय वाचवत तुम्ही १०१ क्रमांकाशी पोचता. दुकान रुडॉल्फ अ‍ॅकरमनचं. माणूस मूळचा सॅक्सनीचा, आधी घोडागाड्यांचे नमुने काढायचा. आता चित्रं छापून विकतो. काचेमागे लाल डगल्यातला एक शिपाई टांगलाय. छातीवर पांढरे पट्टे, खांद्याला बंदूक.

चित्र बघणाऱ्या गर्दीकडेही बघा. किराणेवाला, वकील, पेढीवरचा कारकून. चित्रातला शिपाई यांच्यातलाच आहे. फ्रेंच सैन्य इंग्लिश खाडी ओलांडून येणार या धास्तीनं शहरात स्वयंसेवकांची पथकं उभी राहिली आणि प्रत्येकाला स्वतःचा गणवेश हवा होता. कॉलर कुठल्या रंगाची, बटणं सोनेरी की रुपेरी, शिरावर तुरा की अस्वलाच्या कातड्याची टोपी? ४ जूनला, आपल्या वाढदिवशी, तिसऱ्या जॉर्ज राजानं हाइड पार्कात त्यांची पाहणी केली. नेपोलियन तेव्हा एकर शहराचा वेढा उठवून कैरोच्या वाटेवर होता! लंडनच्या या हौशी शिपायांवर फ्रेंचांशी लढायची वेळ आलीच नाही. असाच लाल डगला चार वर्षांनी आपल्याकडे असईच्या लढाईत मराठ्यांच्या तोफांसमोर आला, पण तो पगारी फौजेच्या अंगावर.

आत जाऊन पानं चाळा. पुस्तकाचं नाव ‘लॉयल व्हॉलंटियर्स ऑफ लंडन अँड एन्व्हायरन्स’, चित्रकार थॉमस रोलंडसन. एरवी माणसांची यथेच्छ टिंगल करणारा हा हात इथे जपून चाललाय. गिऱ्हाईकच चित्रात असल्यावर दुसरं काय करणार? ऐंशीहून जास्त पानं आहेत. साधारण एका पानावर एक पथक आणि बंदुकीच्या कवायतीतली एक पायरी. सलग उलटत गेलात तर गणवेश पाहता पाहता कवायतही समजते.

आता रंगवणाऱ्यांच्या टेबलापाशी या. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उतरतात त्या फक्त गडद रेषा आणि छाया. डगल्याचा लाल, पँटचा निळा, पायाखालचं गवत, सगळं हातानं भरायचं. मधोमध रंगवलेला नमुना ठेवलाय. एकजण सगळ्या पानांवर फक्त लाल लावतो आणि गठ्ठा पुढे सरकवतो. शेजारची निळा लावते. बशीत हिंगूळ आहे, प्रशियन निळा आहे, रंग कागदाला धरून राहावा म्हणून बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक आहे. वाकून पाहा: छातीवरचा पांढरा पट्टा रंगवलेलाच नाही, तिथे कागद मोकळा सोडलाय. दोन्ही कडांना लाल थोपवून धरायचा आणि कुंचला हलू द्यायचा नाही. माझ्या मते या पुस्तकातलं सगळ्यात अवघड काम हेच. महागड्या प्रतींत बटणांवर सोन्या-चांदीचा हातही फिरतो.

राज्यक्रांतीतून पळून आलेल्या फ्रेंच सरदारांना आणि पाद्र्यांना अ‍ॅकरमन हातकाम देतो, हे सगळ्या लंडनला माहीत आहे. या टेबलावर त्यांच्यातलं कुणी असेल, तर फ्रेंचांना अडवायला निघालेल्या शिपायाचा डगला एक फ्रेंचच रंगवतोय.

पानाच्या तळाशी रोलंडसनचं नाव येईल, अ‍ॅकरमनचा पत्ता येईल, तारीख येईल. रंग कुणी भरले ते कुठेच येणार नाही. आणि तरी आज संग्राहक मोजतो ती किंमत बरीचशी त्या रंगांची असते. रेषा सगळ्या प्रतींत जवळपास सारख्याच, पण रंग प्रत्येक प्रतीत नव्याने लागलाय.

एवढं पाहून परत आलात की अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचा अ‍ॅन एस. के. ब्राऊन लष्करी संग्रह इंटरनेटवर उघडा. गणवेशांची जुनी चित्रं तिथे फुकट पाहता येतात. खरेदीचा विचार असेल तर भिंग जवळ ठेवा. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई. कागद उजेडासमोर धरा: जलचिन्हात १७९९ नंतरचं साल निघालं तर तो ठसा नंतरचा. मागची बाजूही बघा, कारण तांब्यापासून केलेला जुना हिरवा वर्षानुवर्षांत कागद खात जातो आणि पाठीवर तपकिरी डाग उमटवतो. विक्रेता चौकट उघडून पाठ दाखवायला तयार नसेल, तर ते चित्र घेऊ नका.