पोरंबोक आणि खाजण

महसुलाच्या दप्तरांतील एका शब्दासाठीं गवयानें रागमालिका गावी, हें आमच्या संगीताच्या इतिहासांत क्वचितच घडलें असेल. चेन्नईचे प्रसिद्ध कर्नाटक गायक श्री. टी. एम. कृष्णा ह्यांनीं जानेवारी २०१७ मध्यें तें केलें. शब्द ‘पोरंबोक’. तमिळमध्यें ‘पुरम्’ म्हणजे बाहेर. साऱ्याच्या आकारणीबाहेर राहिलेली जमीन ती पोरंबोक. तळीं, ओढे, खाडीचा चिखल, गुरांचीं कुरणें, मसणवटे हें सर्व त्यांत आलें. एकाच्या मालकीचें नाहीं म्हणून सर्वांच्या उपयोगाचें, हा मूळचा भाव. परंतु जिचा सारा येत नाहीं ती जमीन निकामी, असा हिशेब रूढ झाला, आणि कालांतरानें तो शब्द कुचकामी माणसास द्यावयाची शिवी होऊन बसला. शब्दांच्या अधोगतीचीं उदाहरणें आम्ही वर्गांत पुष्कळ देतों. इतकें बोलकें एखादेंच.

चेन्नईच्या उत्तरेस कोसस्थलैयार नदी जेथें समुद्रास मिळते ती एन्नूरची खाडी. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेनें आणि भरावांनीं ती गुदमरली. पाणी पसरावयाच्या अशा जागा बुजल्या म्हणजे पुराचा कोप किती वाढतो, हें त्या शहरानें डिसेंबर २०१५ मध्यें अनुभविलें होतें. कृष्णा गायले ते ह्याच खाडीसाठीं. पद्य कबेर वासुकी ह्यांचें, भाषा चेन्नईच्या रस्त्यावरची, आणि राग मात्र आनंदभैरवी, सिंधुभैरवी अशा घराण्याचे! जे राग देवस्तुतींत ऐकावयाची सभागृहांस सवय, ते येथें एका शिवीस उचलून मानाच्या पाटावर बसवितात.

फडके-खांडेकरांचा जुना वाद येथें कोणी उकरून काढील. प्रचाराचीं गाणीं बहुधा गाणीं म्हणून पंगू असतात, हें आम्हांसही मान्य आहे. पण ह्या गाण्यांत राग शब्दांची हमाली करीत नाहींत. ते रागच राहतात, आणि म्हणूनच त्या शब्दाची प्रतिष्ठा वाढते. मॅगसेसे पारितोषिक (२०१६) मिळविलेल्या ह्या गवयाचा खरा पराक्रम आम्ही येथें मानतों.

रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांस हें परकें वाटूं नये. आमच्या दप्तरांतही ‘पोटखराबा’ आहेच, आणि लोकांच्या तोंडीं ‘खाजण’: भरतीस बुडणारी, ओहोटीस उघडी पडणारी, तिवरांची चिखलभूमि. पूर्वजांनीं तिला निकामी मानलें नाहीं. जिल्हा कुलाबा म्हणवीत होता तेव्हां पेणकडे खाजणास बांध घालून भातशेती काढीत. बाहेरचा बांध राखण्याचें काम शिलोत्रीदारांकडे, आणि त्याबद्दल त्यांस कुळांकडून ठराविक धान्य मिळे. सरकारी खारजमीन कायदा आला तो १९४८ सालीं, म्हणजे पुष्कळ मागाहून. जें खाजण बांधाबाहेर राहिलें, त्यावर निवट्या, खेकडे, कालवें वेंचणाऱ्या कोळी-आगऱ्यांच्या चुली पेटत.

उरणास १९८९ मध्यें न्हावा-शेवा बंदर सुरू झालें, आणि पुढें भराव वाढत गेले. खाडी हातची गेल्याबद्दल मच्छीमार स्वतः झगडले. १,६३० कुटुंबांस सुमारें ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा निकाल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दिला. रकमेचा आंकडा मोठा आहे. पण चिखलास किंमत होती, हें सरकारी कागदावर आलें, तें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. आमच्या वराती ज्या कोळीगीतांवर नाचतात त्यांत दर्या, होडी आणि नारळीपुनव पुरेपूर आहेत. खाजणाचें गाणें मात्र अद्याप आमच्या कानीं आलेलें नाहीं.