सुईची वाट : चीनपासून आपल्या हॉलपर्यंत



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी इतिहासाचं लिहा' असा आग्रह चिटणीसांनी धरला. सोसायटीचा इतिहास अध्यक्षांनी त्यांच्या मनोगतात लिहिलाच आहे. विहिरीचं पाणी, बिल्डरशी झालेली भांडणं, कन्व्हेयन्स डीड, सगळं त्यात आलं आहे. म्हणून मी दुसरा इतिहास निवडला. तो लांबचा असला तरी सध्या आपल्याच कमिटीच्या टेबलावर पडून आहे.

दर रविवारी सकाळी आपला हॉल ॲक्युपंक्चर केंद्रासाठी मिळावा, असा अर्ज आला आहे. गुडघे, कंबर, मायग्रेन यांच्या यादीत 'हृदयविकार' हाही शब्द आहे. मागच्या सभेत यावरून दोन तट पडले. एका बाजूने 'हजारो वर्षांचं शास्त्र आहे, चुकीचं कसं असेल?' असं विचारलं, तर दुसऱ्या बाजूने 'चिनी थोतांड' म्हणून विषय उडवला. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला असल्याने मला दोन्ही वाक्यं खटकली. आणि हा विषय आता आपल्या घरातला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा आपण चाळिशी-पन्नाशीत होतो. आज संध्याकाळी कट्ट्यावर अकरा जण बसतात आणि त्यातल्या चौघांच्या छातीत स्टेंट आहे.

तर मुळापासून सुरू करू. चिनी भाषेत या उपचाराला 'झेनजिउ' म्हणतात. झेन म्हणजे सुई, आणि जिउ म्हणजे वाळलेल्या वनस्पतीचा शेक किंवा चटका. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. चटक्याचं आपल्याला नवल नाही. गावोगावी पोटदुखीला, काविळीला डाग देणारे लोक आपल्या आजी-पणजींनी पाहिले आहेत. चीनमध्ये १९७३ साली मावांगदुई इथल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. ते थडगं इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेलं. त्यात शरीरातल्या अकरा वाहिन्यांचं वर्णन आहे, चटका देण्याचं आहे, पण सुया टोचण्याचं नाही. त्याआधी १९६८ मध्ये हेबेई प्रांतात लिउ शेंग या राजपुत्राच्या थडग्यात सोन्या-चांदीच्या सुया मिळाल्या. तो वारला इ.स.पू. ११३ मध्ये. म्हणजे वाहिन्यांची कल्पना आणि चटका आधी, सुई मागून, असं दिसतं. 'हुआंगदी नेइजिंग' हा मुख्य ग्रंथही साधारण याच काळात आकाराला आला.

या ग्रंथात हृदय म्हणजे शरीराच्या राज्यातला सम्राट. राजावर थेट वार होऊ नये म्हणून त्याच्याभोवती एक आवरण, म्हणजे त्याचा अंगरक्षक. या अंगरक्षकाची वाहिनी छातीतून निघून हाताच्या आतल्या बाजूने मधल्या बोटापर्यंत जाते. तिच्यावरचा 'नेइगुआन' हा बिंदू आज जगभर सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या बिंदूंपैकी एक आहे. मनगटाच्या घडीवर आपली तीन बोटं आडवी ठेवा. त्यांच्या वर, दोन शिरांसारख्या लागणाऱ्या कंडरांच्या मधोमध तो येतो. छातीतली धडधड, दुखणं, मळमळ यांसाठी तो वापरतात. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याचा उपयोग होतो, हे चाचण्यांतही दिसलं आहे. मांडव्याच्या लाँचमध्ये ज्यांना गरगरतं त्यांनी मनगटावर बटण असलेला पट्टा पाहिला असेल, ते बटण याच जागेवर दाबलं जातं.

आता गंमत बघा. आपल्या सुश्रुतानेही शरीरावर १०७ मर्मं मोजली आणि हृदयाला लगेच प्राण घेणाऱ्या मर्मांत घातलं. पण त्याचा रोख उलटा आहे. शस्त्र चालवताना ही जागा सांभाळा, असं तो शल्यवैद्याला बजावतो. शरीरावर महत्त्वाच्या जागा असतात ही कल्पना दोन्हीकडे आहे, पण एकाने तिथे सुई लावली आणि दुसऱ्याने तिथून हात दूर ठेवायला सांगितलं.

'हजारो वर्षांचं शास्त्र' म्हणणाऱ्यांसाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट याच नेइजिंगमध्ये आहे. त्याच्या 'लिंगशू' या भागात छातीच्या दुखण्याचे प्रकार एकामागून एक दिले आहेत आणि प्रत्येकासमोर कुठे सुई टोचायची तेही दिलं आहे. शेवटी येते 'खरी हृदयवेदना'. हातपाय सांध्यांपर्यंत गार पडतात, कळ असह्य असते, आणि सकाळी सुरू झाली तर संध्याकाळपर्यंत, संध्याकाळी सुरू झाली तर सकाळपर्यंत माणूस जातो. या प्रकारासमोर बिंदू दिलेला नाही, फक्त मरण लिहिलं आहे. आज आपण ज्याला हार्ट ॲटॅक म्हणतो त्याचं इतकं नेमकं वर्णन करून त्या जुन्या वैद्यांनी सुई खाली ठेवली होती. पुढे इ.स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने छातीत गच्च दाटून येण्याच्या दुखण्यावर लिहिलं, तेव्हा त्यानेही काढा सांगितला : पडवळाच्या कुळातलं एक फळ, रानकांद्यासारखा एक कंद आणि मद्य.

म्हणजे परंपरा एकसंध नव्हती. सातत्यानेही चालली नाही. १०२७ च्या सुमारास सोंग दरबारात वांग वेइयी याने बिंदू दाखवणाऱ्या माणसाएवढ्या काशाच्या मूर्ती घडवून घेतल्या, इतका तिचा मान. पण १८२२ मध्ये डाओग्वांग सम्राटाने शाही वैद्यक संस्थेतला सुईचा विभागच बंद केला. १९२९ मध्ये चीनच्या सरकारपुढे सगळं पारंपरिक वैद्यक मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला होता. वैद्यांनी मोठा विरोध केला म्हणून तो बारगळला. आज दिसणारं ॲक्युपंक्चर बऱ्याच अंशी १९५० नंतर घडवलेलं आहे. देश प्रचंड, डॉक्टर मोजके, औषधं नाहीत. अशा वेळी स्वस्त सुई माओंच्या सरकारला फार सोयीची होती. स्वतः माओ मात्र चिनी औषधं घेत नसत, असं त्यांचे खासगी डॉक्टर ली झिसुई यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे.

ही सुई भारतात कशी आली, यात एक धागा आपल्या मराठी मुलखाचा आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाठवलेलं ते पथक. प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजय कुमार बसू. मुंबईहून दक्षिणेला निघालेली बोट आपल्याच किनाऱ्यासमोरून जाते, तेव्हा खांदेरीचा दिवा त्यांनीही पाहिला असेल. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ते आपल्याला ठाऊक आहेत. हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग इथे त्यांची समाधी आहे. ज्या प्रांतात त्या सोन्या-चांदीच्या सुया निघाल्या, तोच हा प्रांत.

पण कोटणीस सुयांचे डॉक्टर नव्हते, ते शल्यचिकित्सक होते. सुई आणली त्यांच्या सोबत्याने. डॉ. बसू १९४३ मध्ये परतले, १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात ते वापरू लागले. भारतातल्या ॲक्युपंक्चरची सुरुवात त्यांच्यापासून धरतात. पश्चिम बंगालने त्यासाठी १९९६ मध्ये कायदा केला. आपल्या महाराष्ट्राचा अधिनियम २०१५ चा आहे.

तसं पाहिलं तर चिनी औषध आपल्या किनाऱ्याला नवं नाही. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी रेवदंड्याला पाय रोवला, आणि त्यानंतरच्याच दशकांत 'चोपचिनी' हे चिनी मूळ गोव्यात आलं. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात त्याच्यावर एक प्रकरणच लिहिलं. आपल्या भावप्रकाशातही चोपचिनी फिरंगरोगावर दिली आहे. आपल्या वैद्यांनी परकं म्हणून ते फेकलं नाही आणि परकं म्हणून डोक्यावरही घेतलं नाही. कशावर लागू पडतं ते पाहिलं आणि तेवढ्यापुरतं वापरलं. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते.

सुईचं मात्र तसं झालं नाही. जुलै १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्यांनी त्यावर लिहिलं आणि जगभर बोलबाला झाला की चिनी लोक सुया टोचून ऑपरेशन करतात. खरं तर ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनवरच झालं होतं. सुया नंतर पोट फुगून दुखलं तेव्हा लावल्या होत्या. २००६ मध्ये बीबीसीने चीनमधलं उघड्या हृदयाचं ऑपरेशन सुयांवर झालेलं दाखवलं. त्या बाईंना गुंगीची आणि वेदनाशामक औषधं आणि छातीत बधिर करणारी इंजेक्शनंही दिली होती, हे मागाहून चर्चेत आलं. गोष्ट सांगताना अर्धी गाळली की चमत्कार तयार होतो.

मग खरं काय? २०१९ मध्ये एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात चीनमधली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. चालताना, चढताना छातीत दुखणारे, पण प्रकृती स्थिर असलेले ४०४ रुग्ण. सगळ्यांच्या गोळ्या चालूच. एका गटाला चार आठवड्यांत बारा वेळा मनगटाजवळच्या बिंदूंवर सुया, एकाला दुसऱ्याच वाहिनीवर, एकाला खोट्या जागी, एकाला नुसतं थांबवलेलं. सोळाव्या आठवड्यापर्यंत पहिल्या गटात छातीत दुखण्याचे प्रसंग चार आठवड्यांमागे सुमारे आठने कमी झाले, दुसऱ्यात सुमारे चारने, बाकीच्या दोघांत दोन-तीनने. म्हणजे 'थोतांड' म्हणून हसण्यासारखं हे नाही. पण ही चाचणी दुखणं किती वेळा होतं एवढंच सांगते. सुईने अडकलेली नळी मोकळी होते किंवा ॲटॅक टळतो, असं तिच्यात नाही. आणि गोळ्या एकाचीही थांबवली नव्हती.

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा का सांगतो, ते जुन्या सभासदांना माहीत आहे. माझे थोरले बंधू बी विंगमध्ये राहायचे, दादा म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. चढावर छातीत दुखायचं. कुणाच्या तरी सांगण्यावरून ते सुया घ्यायला जाऊ लागले आणि त्यांना बरं वाटलं, हे मी स्वतः पाहिलं. झोप लागायची, चिडचिड कमी झाली, फेरीही वाढली. मग सुया लावणाऱ्यांनी सांगितलं, आता गोळ्या निम्म्या करा, पुढे बंदच होतील. श्रावणात एका रात्री छातीत कळ आली. दादा पलंगावर बसून मनगटावरचा बिंदू दाबत राहिले, 'थांबेल आत्ता' म्हणत. दोन तास गेले. पावसाळा म्हणून लाँच बंद, रो-रो तेव्हा नव्हती, ती आली २०२० मध्ये. वडखळच्या खड्ड्यांतून पनवेलला पोचायला पहाट झाली. दादा वाचले, पण हृदयाचा मोठा भाग कायमचा कमजोर झाला. त्यानंतरची तीन वर्षं त्यांनी जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर खुर्ची टाकून काढली. ती खुर्ची पुष्कळांना आठवत असेल.

मला त्या सुईचा राग नाही. तिने दादांना आराम दिला होता. घात केला तो त्या दोन तासांनी आणि निम्म्या केलेल्या गोळ्यांनी. दोन हजार वर्षांपूर्वीचा लिंगशू लिहिणाराही त्या रात्री 'इथे माझं काम नाही' म्हणाला असता.

म्हणून कमिटीपुढे माझं मत असं आहे. हॉल जरूर द्यावा, कारण गुडघ्या-कमरेच्या दुखण्याने हैराण झालेल्यांना त्यातून आराम मिळाला तर चांगलंच. पण अटी लेखी असाव्यात. राज्याच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्यालाच जागा मिळावी. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट रुग्णासमोर फोडायचं. फलकावरून 'हृदयविकार' हा शब्द काढावा. ज्यांना स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत किंवा पेसमेकर बसवला आहे, त्यांनी ते आधी सांगावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच यावं. छातीच्या मधल्या हाडावर खोल सुई नको. काही जणांच्या त्या हाडाला जन्मतःच बारीक भोक असतं आणि सुई थेट हृदयापर्यंत गेल्याच्या घटना वैद्यकात नोंदल्या आहेत. आणि गोळ्यांबद्दल तिथे कुणीही सल्ला देऊ नये.

दुसरी सूचना पंचवीस वर्षांच्या शिलकी फंडाला झेपेल अशी आहे. प्रत्येक विंगच्या लिफ्टशेजारी मोठ्या अक्षरांत एक पाटी लावू या. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली की वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा, शेजाऱ्याची बेल वाजवायची, जिल्हा रुग्णालयात जाऊन ईसीजी काढायचा. खाली गाडी असलेल्या आणि रात्री उठायला तयार असलेल्या चार सभासदांचे फ्लॅट नंबर लिहायचे. पहिला नंबर माझ्या मुलाचा घाला, त्याला मी विचारून ठेवलं आहे.