विनोदाच्या घरी आलेला पाहुणा

रेडिओवरच्या विनोदी मालिकेत एखाद्या बड्या नटाने पाहुणा म्हणून यायचं आणि स्वतःच्याच नावाने वावरायचं, ही रीत अमेरिकेत रुजली. तिचं सर्वांत देखणं रूप विनोदी नट जॅक बेनीच्या कार्यक्रमात दिसतं. 2 मे 1932 रोजी बेनी स्वतःचा कार्यक्रम घेऊन रेडिओवर आला आणि वर्षानुवर्षं एकच सोंग घट्ट करत गेला: हातून पैसा न सोडणारा, वय 39 च्या पुढे न जाऊ देणारा माणूस. 1945 च्या अखेरीस सिनेनट रोनाल्ड कोलमन आणि त्याची पत्नी बेनिटा ह्यूम या कार्यक्रमात शिरले, ते बेनीचे शेजारी म्हणून. सभ्य इंग्रज जोडपं आणि पलीकडचा हा चिकट माणूस, एवढ्यावर कितीतरी भाग रंगले.

20 मार्च 1948 ला कोलमनला ऑस्कर मिळालं. आठच दिवसांनी, 28 मार्चच्या भागात, बेनी ते उसनं घेऊन निघतो आणि वाटेत त्याला चोर गाठतो. पैसे की जीव, असं चोर विचारतो. बेनी गप्प. चोर दरडावतो, तेव्हा तो म्हणतो, विचार करतोय! हा विनोद लेखनाच्या खोलीतच जन्मला. लेखक मिल्ट जोसेफ्सबर्गने चोराचा प्रश्न सुचवला, जोडीचा लेखक जॉन टॅकाबेरी काही बोलेना, आणि हटकल्यावर त्याच्या तोंडून हेच उत्तर निघालं. ती शांतता ऐकून लोक हसले, कारण सोळा वर्षांत त्यांना बेनीचा खिसा आतून-बाहेरून ठाऊक झाला होता.

मराठीत ही रीत वेगळ्या दाराने आली. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक मालिकेत बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे शेजारी टेकाडे भावोजी होते. तिथे घर जमवायला कुणा सिनेनटाची गरज पडली नाही. अमेरिकेत तारा शेजारी झाला. आपल्याकडे शेजारी तारा झाला.

अलोऱ्यासारख्या गावाला शेजाऱ्याचं हे नातं विशेष कळावं. चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोयना प्रकल्पाच्या कामामुळे इथे वसाहत उभी राहिली. नोकरीपायी घाटावरून-कोकणातून आलेल्यांचं सख्खं गणगोत मागे राहिलं, की भिंतीपलीकडचेच भावोजी आणि वहिनी होतात. अडीअडचणीला तेच धावतात, चहाला तेच येतात. रेडिओचं म्हणाल, तर रत्नागिरीचं आकाशवाणी केंद्र आलं 1977 मध्ये. त्याआधी कोकणच्या दऱ्याखोऱ्यांत मुंबई केंद्र पकडायला मध्यमलहरींवर भिस्त होती. अंधार पडला की त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून दूरवर पोचतात.

आज पॉडकास्टच्या काळात पाहुणा मिळवण्याची धडपड मोठी आहे. नाव जितकं मोठं, तितके श्रोते जास्त, असा हिशेब. बेनी आणि ‘पुन्हा प्रपंच’ दोन्ही वेगळं शिकवतात. आधी माणसं उभी करा, त्यांच्या खोडी श्रोत्याच्या अंगवळणी पडू द्या, त्यासाठी वर्षं द्या. मग कोलमन येवो की टेकाडे भावोजी, दार उघडण्याआधीच श्रोता हसायला तयार असतो. मराठी श्राव्य विनोदाला पुन्हा उभारी यायची असेल, तर लेखकांना हा वेळ मिळायलाच हवा.