नाना चौकांतील एक प्रयोग

गिरगांवाला लागूनच असलेला नाना चौक ज्यांच्या नांवानें ओळखला जातो, ते जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे सभासद होते. १८४७ च्या सुमारास त्या मंडळांत मोठा वाद माजला. पाश्चात्य विद्या इंग्रजींतूनच शिकवावी, असा अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह. ती देशी भाषांतूनच सामान्य लोकांपर्यंत पोंचेल, असा नानांचा पक्ष. कर्नल जर्व्हिस नानांच्या बाजूस होते आणि त्यांच्या शब्दास वजन होतें. कारण शास्त्रीमंडळींच्या साह्यानें गणिताचे ग्रंथ त्यांनीं वीसएक वर्षांपूर्वींच मराठींत आणिले होते. पुढें उच्च विद्या इंग्रजीकडे गेली व प्राथमिक शाळा मराठीकडे राहिल्या. वाद मिटला नाहीं, वांटणी झाली.

मुलाला नक्की समजतें काय, हें तपासून पाहण्याचें मात्र त्या वादांत राहूनच गेलें. तें काम सव्वाशें वर्षांनंतर, योगायोगानें नानांच्याच चौकांत, सुरू झालें. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९७४ सालीं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापिलें. सर दोराबजी टाटा ट्रस्टनें द्रव्यसाह्य केलें, आणि नाना चौकांतील म्युनिसिपल शाळेच्या इमारतींत केंद्राला जागा मिळाली. धुरा प्रा. व्ही. जी. कुलकर्णी या पदार्थविज्ञानवेत्त्यांकडे होती.

म्युनिसिपल शाळांत येणारीं मुलें बहुतेक गिरणीकामगारांचीं, फेरीवाल्यांचीं, हातावर पोट असणाऱ्यांचीं. विज्ञानांत तीं मागें पडतात तीं बुद्धि कमी म्हणून, असें म्हणून मोकळें होणें सोपें होतें. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं निराळी शंका घेतली. विषय तोच ठेवून पाठ्यपुस्तकाची भाषा तेवढी सोपी केली, व मुलांचें आकलन ताडून पाहिलें. तें स्पष्टपणें वाढलें. म्हणजे अडसर बुद्धीचा नव्हता, भाषेचा होता. आणि ती भाषा इंग्रजी नव्हे! ‘बाष्पीभवन’, ‘ऊर्ध्वपातन’ असे शब्द लालबागच्या चाळींतल्या मुलास इंग्रजीहून फारसे जवळचे नसतात. त्याच्या आईच्या चुलीवर पाण्याची वाफ रोज होत असते, पण पुस्तकांतलें बाष्पीभवन तें हेंच, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. नानांचा पक्ष आम्हांस आजहि प्रिय आहे. पण तो निम्माच खरा होता, असें या प्रयोगावरून म्हणावें लागतें. मराठी कोणाची, हा प्रश्न त्यांत उरलाच होता.

१९८० च्या सुमारास केंद्रानें पुढचें पाऊल टाकिलें. म्युनिसिपल शाळांतील अनुसूचित जातींचीं होतकरू मुलें निवडून त्यांना कांहीं वर्षें सतत मार्गदर्शन केलें. शालान्त परीक्षेंत तीं अपेक्षेहून पुष्कळ वर गेलीं. येथें एक सांगणें भाग आहे. जें लक्ष त्या मोजक्या मुलांस मिळालें, तें भरगच्च वर्ग सांभाळणाऱ्या एकट्या शिक्षकानें कोठून द्यावें? प्रयोगाचें यश आणि शाळेचें यश यांत हें अंतर राहतेंच.

पुढें १९९० नंतर केंद्र मानखुर्दला गेलें. इकडे गिरगांव-परळांतील मराठी शाळांचे वर्ग ओस पडत चालले आहेत; पेरीसाहेबांचा पक्ष आतां पालकच हिरिरीनें चालवितात. त्यांच्या मुलांच्या हातीं आलेल्या इंग्रजी पुस्तकांनाहि नाना चौकांतली तीच कसोटी लावावयास हवी, आणि ती लावावयाची तर आरंभ परळ-लालबागच्याच एखाद्या वर्गांत करावा लागेल.